मूत्रपिंड देणाऱ्याने स्वतःसाठी काय करावे: निर्णयापासून वार्षिक तपासणीपर्यंत

सहा वर्षांपूर्वी मी माझे डावे मूत्रपिंड थोरल्या भावाला दिले. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी मी घरी आले आणि पुढचा महिनाभर भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण दारातच विचारत असे, "दादा कसा आहे?" दादा जिवावरच्या दुखण्यातून उठला होता, त्यामुळे त्या प्रश्नात वावगे काहीच नव्हते, पण मला त्या वेळी आधाराशिवाय कुशीवर वळता येत नव्हते आणि आपल्यावरही एक मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, हे मी स्वतःच जणू विसरून गेले होते. दादाच्या औषधांचे वेळापत्रक, त्याची निर्जंतुक खोली, त्याच्या तपासण्यांच्या तारखा हे सगळे घरात आधीच लिहून ठेवलेले होते. माझ्या बरे होण्याची आखणी मात्र कोणीच केली नव्हती, मीसुद्धा नाही. दात्याने पहिल्या दिवसापासून स्वतःला एक रुग्ण मानावे आणि त्या नात्याने प्रत्येक टप्प्याची तयारी करावी, हे मला फार उशिरा कळले, म्हणून ते इथे क्रमाने लिहीत आहे.

जिवंतपणी देता येणाऱ्या अवयवांत मूत्रपिंड आणि यकृताचा भाग हे दोन प्रमुख आहेत. माझा अनुभव मूत्रपिंडाचा असल्यामुळे लेखाचा मोठा भाग त्याविषयी आहे. यकृतदान जिथे वेगळे ठरते ते पुढे थोडक्यात दिले आहे. कायदे आणि परवानग्या देशागणिक बदलतात, त्यांची माहिती प्रत्यारोपण केंद्राच्या समन्वयकाकडूनच घ्यावी.

पहिली पायरी: आपण काय देतो आणि त्यानंतर शरीरात काय होते

जिवंत दात्याकडून झालेले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी केले. रोनाल्ड हेरिक यांनी आपला जुळा भाऊ रिचर्ड याला मूत्रपिंड दिले. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला. रोनाल्ड डिसेंबर २०१० मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी वारले, म्हणजे ५६ वर्षे ते एका मूत्रपिंडावर जगले. दादाला मूत्रपिंड द्यायचे ठरवताना मला या दोन्ही आकड्यांचा उपयोग झाला. एक आकडा दात्याला धीर देतो आणि दुसरा सांगतो की दिलेला अवयव घेणाऱ्याला जन्मभर पुरेलच असे नाही.

एक मूत्रपिंड काढल्यावर दात्याची गाळणक्षमता, म्हणजे रक्त गाळून स्वच्छ करण्याची ताकद, अर्थातच निम्म्यावर येते. त्यानंतर उरलेले मूत्रपिंड आकाराने थोडे वाढते, जास्त काम करू लागते आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत एकूण क्षमता पूर्वीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत परत येते. निरोगी माणसाला रोजच्या जगण्यासाठी एवढी क्षमता पुरते. हाताशी राहणारी शिल्लक मात्र कमी होते, आणि पुढे मधुमेह किंवा उच्च रक्तदाब जडला तर त्या कमी शिल्लकीवरच भागवावे लागते.

धोक्याविषयी मोघम बोलण्यावर समाधान मानू नये, आकडे विचारावेत. अमेरिकेतील ८० हजारांहून अधिक दात्यांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांत दर १०,००० दात्यांमागे सुमारे ३ मृत्यू आढळले होते. त्यानंतरच्या वर्षांतील नोंदींमध्ये हे प्रमाण आणखी खाली आलेले दिसते. दीर्घकाळाचा हिशेब २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात सापडतो: आयुष्यभरात स्वतःचे मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याची शक्यता दात्यांमध्ये १०,००० मागे सुमारे ९०, दात्यांइतक्याच निरोगी पण दान न केलेल्या लोकांमध्ये सुमारे १४ आणि कोणतीही चाळणी न लावलेल्या सर्वसामान्य लोकांमध्ये सुमारे ३२६. "दात्याला सामान्य माणसापेक्षाही कमी धोका असतो" असे कोणी सांगितले, तर ते यातला शेवटचा आकडा धरून बोलत आहेत हे ओळखावे. दात्याची खरी तुलना दान न केलेल्या स्वतःशीच व्हायला हवी, आणि त्या तुलनेत धोका वाढतो. तो लहान आहे, पण आहे. मला तो मान्य होता. तुम्हाला तो मान्य नसणे हेही तितकेच रास्त आहे.

घेणाऱ्याला होणारा फायदा मोठा असतो. जिवंत दात्याचे मूत्रपिंड बहुधा टेबलावरच काम करू लागते, मृत दात्याच्या मूत्रपिंडापेक्षा सरासरीने जास्त वर्षे टिकते आणि शस्त्रक्रियेची वेळ आधी ठरवता येत असल्यामुळे काही रुग्णांना डायलिसिस सुरू होण्याआधीच प्रत्यारोपण करून घेता येते. तरीही प्रत्यारोपणाने आजार मुळापासून जात नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि शरीर नवा अवयव नाकारण्याची शक्यता कायम राहते. हे दात्याने आधी नीट समजून घेतले नाही, तर घेणाऱ्याचा पहिला बिघडलेला रिपोर्ट त्याला उगीचच स्वतःचा पराभव वाटतो.

दुसरी पायरी: निर्णय एकट्याने घेणे

दान करण्याचा विचार मनात आल्याबरोबर तो घरात बोलून दाखवू नये, असे मी आवर्जून सांगेन. एकदा तोंडातून शब्द गेला की आजारी माणसाच्या डोळ्यांत आशा दिसू लागते आणि मग माघार घेणे फार अवघड होऊन बसते. आधी स्वतः वाचावे, स्वतःच्या डॉक्टरांशी बोलावे आणि ज्याचा या आजारपणाशी थेट संबंध नाही अशा एखाद्या विश्वासू माणसापाशी मन मोकळे करावे.

मी स्वतःला चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरे वहीत लिहिली होती. दिलेले मूत्रपिंड सहा महिन्यांत निकामी झाले, तरी मला हा निर्णय योग्य वाटेल का? दादाने पुढे गोळ्या नीट घेतल्या नाहीत, तर मी त्याच्यावर सतत पहारा ठेवीन का? आमच्यात पूर्वी झालेले वाद या दानाने मिटतील, अशी छुपी अपेक्षा मी बाळगून आहे का? आणि पुढे माझ्या मुलांपैकी कोणाला मूत्रपिंड लागले व माझ्याकडे द्यायला ते उरले नसेल, तर? चौथ्या प्रश्नापाशी मी दोन आठवडे अडून होते. शेवटी मी लिहिले की उद्याच्या संभाव्य आजारासाठी आजच्या खऱ्या आजाराला नाही म्हणणे मला जमणार नाही. हे उत्तर प्रत्येकाचे असेलच असे नाही. ते लिहून मात्र काढावे, कारण पुढे शंकेच्या दिवशी स्वतःचेच अक्षर समोर असलेले बरे.

बऱ्याच केंद्रांमध्ये फक्त दात्याच्या हिताकडे पाहणारी वेगळी व्यक्ती, डॉक्टर किंवा समुपदेशक, नेमलेली असते. तशी सोय नसेल तर दात्याने ती मागून घ्यावी, कारण घेणाऱ्याला बरे करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्याच डॉक्टरांनी दात्याच्या भल्याचाही अंतिम निर्णय घ्यावा हे बरोबर नाही. आमच्या तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला आणि वहिनीला बाहेर बसायला सांगितले, दार लावले आणि मला म्हणाल्या, "तुमची इच्छा नसेल तर आत्ता सांगा. बाहेर आम्ही एवढेच सांगू की तुम्ही दाता म्हणून योग्य ठरला नाहीत." मला माघार घ्यायची नव्हती, तरीही त्या वाक्याने छातीवरचा दगड उतरल्यासारखे झाले. भूल दिली जाईपर्यंत कोणत्याही क्षणी नाही म्हणता येते आणि त्याचे कारण घरच्यांना सांगण्याचे बंधन नसते. घरातले लोक आडून आडून दबाव आणत असतील, पैशाचे किंवा वाटणीचे बोलणे निघत असेल, तर ते याच बंद दाराआड सांगावे. अवयवाच्या बदल्यात पैसे घेणे जगातील जवळजवळ सर्व देशांत गुन्हा आहे, आणि अवयवांच्या व्यापाराविरुद्ध तज्ज्ञांनी २००८ मध्ये इस्तंबूल येथे एकत्र येऊन जाहीरनामाही काढलेला आहे.

तिसरी पायरी: तपासण्या

तपासण्यांना काही आठवडे, कधी काही महिने लागतात. सुरुवात रक्तगटापासून होते. त्यानंतर टिश्यू टायपिंग, म्हणजे दोघांच्या पेशी एकमेकांशी कितपत जुळतात याची चाचणी, आणि क्रॉसमॅच होते. क्रॉसमॅचमध्ये घेणाऱ्याच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का ते पाहतात. रक्तगट किंवा क्रॉसमॅच जुळला नाही म्हणून लगेच खचून जाऊ नये. अशा दोन जोड्यांनी आपापसात दात्यांची अदलाबदल करण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे, आणि काही केंद्रांमध्ये विशेष उपचारांनंतर न जुळणाऱ्या रक्तगटातही प्रत्यारोपण केले जाते.

पुढच्या सर्व तपासण्या दात्यासाठी असतात. मूत्रपिंडांची क्षमता, लघवीतील प्रथिने, साखर, वेगवेगळ्या दिवशी मोजलेला रक्तदाब, हृदय, फुप्फुसे, कावीळ आणि एचआयव्हीसारखे संसर्ग, वयानुसार कर्करोगाच्या चाचण्या, मानसोपचारतज्ज्ञांची भेट आणि शेवटी सीटी अँजिओग्राफी. या शेवटच्या तपासणीत प्रत्येक मूत्रपिंडाला किती रक्तवाहिन्या आहेत ते दिसते, आणि त्यावरून कोणते काढायचे ते ठरते. बहुधा डावे निवडतात, कारण त्याची शीर लांब असल्याने जोडायला सोपी जाते. दोहोंत फरक असेल तर अधिक चांगले मूत्रपिंड दात्याकडेच ठेवायचे, असा नियम आहे. आपल्या बाबतीत कोणते निवडले आणि का, हे स्पष्ट विचारावे.

चोवीस तासांची लघवी गोळा करण्याची तपासणी क्षुल्लक वाटते, पण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात आणि मग ती पुन्हा करावी लागते. पहिल्या दिवशी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची दिवसा-रात्रीची प्रत्येक लघवी कॅनमध्ये जमा करायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची पहिली लघवी त्यात घालून कॅन बंद करायचा. माझी पहिली खेप वाया गेली, कारण मध्यरात्री झोपेत उठून मी नेहमीच्या सवयीने शौचालयात गेले. दुसऱ्या वेळी मी कॅन शौचालयाच्या दाराला टेकवूनच ठेवला, म्हणजे तो ओलांडल्याशिवाय आत जाताच येऊ नये. सुट्टीचा दिवस निवडावा आणि त्या दिवशी बाहेर जाणे टाळावे.

तपासण्यांमध्ये कधी स्वतःचाच आजपर्यंत न कळलेला आजार बाहेर येतो. नात्यातली जनुकीय तफावत, म्हणजे रक्ताचे समजले जाणारे नाते प्रत्यक्षात तसे नाही हेही, उघड होऊ शकते; कुटुंबात कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट एका कागदावर छापून येते. म्हणून तपासण्या सुरू होण्याआधीच समन्वयकाला सांगून ठेवावे की माझे सर्व निकाल फक्त मला एकटीलाच, किंवा एकट्यालाच, सांगावेत. आणि तपासणीत अपात्र ठरलात तर त्याबद्दल कोणाची माफी मागू नये. त्या चाळणीचा हेतूच तुम्हाला वाचवणे हा आहे.

चौथी पायरी: शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

धूम्रपान करत असाल तर ते कित्येक आठवडे आधी पूर्ण बंद करावे. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वनौषधी आणि संप्रेरके असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यांची यादी डॉक्टरांना द्यावी, कारण यातील काहींमुळे रक्तस्राव, तर काहींमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. पोटाचे स्नायू शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे कामाला येत नाहीत. म्हणून आधीपासूनच रोज चालावे आणि हातांचा आधार घेऊन कुशीवरून उठायची सवय करावी.

सर्वांत महत्त्वाची तयारी माणसांची आहे. दात्यासाठी एक आणि घेणाऱ्यासाठी एक, असे दोन वेगळे सोबती ठरवावेत, आणि एकाने दोघांकडे पाहायचे असा बेत कितीही सोयीचा वाटला तरी मान्य करू नये. आमच्याकडे वहिनी दोघांचेही पाहणार होती. प्रत्यक्षात दुसऱ्याच रात्री दादाचा रक्तदाब वाढला, ती त्याच्याजवळून हलू शकली नाही, आणि मी पहाटेपर्यंत पाण्याच्या बाटलीकडे पाहत पडून राहिले. बाटली हातभर अंतरावर होती, पण तिथवर हात पोचत नव्हता. यात वहिनीचा काडीचाही दोष नव्हता. ज्याच्या जिवाला जास्त धोका, त्याच्याकडेच माणूस धावणार. म्हणूनच दात्याचा सोबती असा असावा, ज्याला घेणाऱ्याच्या खोलीत जाण्याचे कारणच नसेल.

पैशाचा हिशेबही लेखी मांडावा. शस्त्रक्रियेचा खर्च कोण देणार, बुडालेल्या पगाराचे काय, पुढे गुंतागुंत उद्भवली तर तिचा खर्च कुठून होणार, आरोग्य आणि आयुर्विम्याच्या कंपन्या दात्याबाबत काय अटी घालतात, हे सारे आधी विचारून त्याची उत्तरे लेखी घ्यावीत. बैठे काम असेल तर चार ते सहा आठवड्यांची, आणि अंगमेहनतीचे असेल तर दोन ते तीन महिन्यांची रजा धरून चालावे. घरातल्या रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवाव्यात. लहान मूल असेल तर त्याला शस्त्रक्रियेच्या आधीच समजावावे की काही आठवडे उचलून घेता येणार नाही, पण शेजारी बसून जवळ घेता येईल.

पाचवी पायरी: रुग्णालयातील दिवस

आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. दात्यासाठी ही पद्धत पहिल्यांदा १९९५ मध्ये वापरली गेली. पोटावर तीन-चार लहान छिद्रे घेतात आणि मूत्रपिंड बाहेर काढण्यासाठी बहुधा ओटीपोटावर सात-आठ सेंटीमीटरचा छेद देतात. शस्त्रक्रिया साधारण तीन तास चालते. शस्त्रक्रियागृहात जाण्यापूर्वी शल्यविशारद पोटाच्या ठरलेल्या बाजूवर पेनाने खूण करतात. ती खूण करताना कोणती बाजू ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. रक्तस्राव झाला तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया मध्येच सोडून मोठा छेद घ्यावा लागू शकतो, त्याची कल्पना संमतिपत्रावर सही करण्याआधी घ्यावी.

शुद्धीवर आल्यावर घसा कोरडा आणि खरखरीत असतो, हाताला सलाईन आणि लघवीसाठी कॅथेटर म्हणजे नळी असते, पायांत गुठळ्या रोखणारे घट्ट मोजे असतात. मला सर्वांत जास्त दुखले ते खांद्यात, आणि त्याची कल्पना मला कोणी दिलेली नव्हती. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यामुळे श्वासपटलावर ताण येतो आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. त्याने घाबरून जाऊ नये. चालल्याने आणि काही दिवस गेल्याने ती कळ जाते. पोट फुगणे आणि बद्धकोष्ठता यांचा त्रासही टाक्यांपेक्षा जास्त होऊ शकतो, विशेषतः तीव्र वेदनाशामकांमुळे. पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्यावे.

खोकला आला की एक लहान उशी पोटाशी दोन्ही हातांनी घट्ट धरावी आणि मग खोकावे. ही उशी पुढचे तीन आठवडे हाताशी असू द्यावी, रुग्णालयातून घरी येताना गाडीच्या पट्ट्याखालीसुद्धा. चेंडू वर ओढण्याचे श्वासाचे यंत्र देतात, त्याचा व्यायाम जागेपणी तासातासाला करावा, कारण दुखते म्हणून उथळ श्वास घेत राहिले तर फुप्फुसात कफ साठतो. पहिल्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी उठवून चालवतात. वेदना असह्य होण्याची वाट पाहून मग औषध मागू नये. ती वाढू लागताच सांगितली तर कमी औषधात आटोक्यात येते.

तिसऱ्या दिवशी मला मुखपट्टी लावून दादाच्या खोलीच्या काचेपर्यंत नेले. तो झोपला होता. त्याच्या पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी टांगलेली होती आणि तिच्यात फिकट पिवळी लघवी थेंबाथेंबाने नव्हे, अखंड धारेने उतरत होती. दोन वर्षे ज्या माणसाला दिवसाकाठी मोजून पाणी प्यावे लागत होते, त्याची ती पिशवी परिचारिकेने माझ्या डोळ्यांदेखत रिकामी केली आणि आकडा लिहिला. मी भिंतीला धरून किती वेळ उभी होते, ते मला सांगता येणार नाही.

सर्व ठीक असेल तर दात्याला दोन ते पाच दिवसांत घरी सोडतात. निघण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात: त्या दिवशीचा क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळत नसेल तर रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ), कोणती वेदनाशामके चालतील त्यांची नावे आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा तो क्रमांक.

सहावी पायरी: पहिले सहा आठवडे

सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नये, नाहीतर छेदाच्या जागी हर्निया होऊ शकतो. वेदनाशामके चालू असेपर्यंत आणि अचानक ब्रेक दाबता येईल इतके पोट बरे होईपर्यंत गाडी चालवू नये. थकवा मात्र सर्वांनाच चकवतो. दहाव्या दिवशी एकदम बरे वाटते, माणूस कामाला लागतो आणि दुपारी दोन वाजता अंगातले त्राण गेल्यासारखे होते. उरलेले एक मूत्रपिंड नव्या कामाला जुळवून घेत असते आणि शरीर शस्त्रक्रियेतून सावरत असते. हा थकवा कित्येकांना दोन-तीन महिने पुरतो. दुपारची झोप घ्यावी, आणि ती घेताना अपराधी वाटून घेऊ नये.

छेदाभोवतीची त्वचा बधिर राहणे नेहमीचे आहे. डावे मूत्रपिंड दिलेल्या पुरुषांना त्या बाजूचा वृषण काही काळ दुखू शकतो किंवा सुजू शकतो. लाजेपोटी ते लपवू नये, डॉक्टरांना दाखवावे. ताप, छेदातून पू किंवा वाढती लाली, एका पायाची सूज किंवा पोटरीत दुखणे, धाप लागणे, छातीत दुखणे, न थांबणाऱ्या उलट्या, लघवी फार कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. घरात सगळ्यांचे लक्ष घेणाऱ्याच्या तापाकडे असते, म्हणून दात्याने आपला ताप स्वतः मोजावा.

यकृताचा भाग देणाऱ्यांसाठी

प्रौढाने बाळाला यकृताचा लहानसा डावा भाग देऊन ते बाळ दीर्घकाळ वाचण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांनी केली. आईने आपल्या मुलाला तो भाग दिला होता. प्रौढाला द्यायचा असेल तर बहुधा उजवा, म्हणजे निम्म्याहून मोठा भाग द्यावा लागतो. यकृत काही आठवड्यांत ते महिन्यांत पुन्हा वाढते आणि जवळजवळ पूर्वीच्या आकाराला येते. मूत्रपिंड कधीच परत वाढत नाही. तरीही यकृतदानाची शस्त्रक्रिया अधिक मोठी आणि अधिक जोखमीची आहे. उजवा भाग देताना मृत्यूचा धोका साधारण हजारात दोन ते पाच धरला जातो, पित्तगळती ही नेहमी आढळणारी गुंतागुंत आहे, पित्ताशय बहुधा काढावे लागते, रुग्णालयात आठवडाभर राहावे लागते आणि कामावर परतायला दोन-तीन महिने जातात. दोन वेगळ्या सोबत्यांची गरज इथे आणखी जास्त आहे.

सातवी पायरी: मन आणि नाते

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुष्कळ दात्यांना उदास वाटते. कित्येक महिने ज्या एका दिवसाकडे डोळे लावलेले असतात तो दिवस मागे पडतो, डॉक्टरांच्या भेटी विरळ होतात, आणि सगळे कौतुक व काळजी घेणाऱ्याकडे वाहू लागते. मला तेव्हा रडू यायचे आणि त्याचे कारण सांगता येत नसे. हे होऊ शकते, एवढे जरी आधी ठाऊक असते तरी मी लवकर समुपदेशकाकडे गेले असते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उदासी टिकली, झोप उडाली किंवा पश्चात्ताप मनाला खाऊ लागला, तर प्रत्यारोपण केंद्राला जरूर कळवावे. दिलेला अवयव निकामी झाला, तर दात्याला होणारे दुःख हे खरेखुरे वियोगाचे दुःख असते. "तुझी तब्येत तरी चांगली आहे ना" असे म्हणून ते झटकून टाकू नये.

नात्यावर ऋणाचे ओझे येते, आणि ते दोन्हीकडून येते. दादाचा क्रिएटिनिन पहिल्या वर्षी एकदा वाढला तेव्हा त्याने मला फोन करून आधी माफी मागितली आणि मग आकडा सांगितला. त्या दिवशी मी त्याला म्हटले, "दादा, ते आता तुझे आहे. तू त्याचा हिशेब मला देऊ नकोस." त्यानंतर मीही त्याच्या ताटाकडे आणि गोळ्यांच्या डबीकडे पाहणे सोडले. हे बोलणे शक्यतो शस्त्रक्रियेआधीच, दोघांनी समोरासमोर बसून करावे: निकाल कोणी कोणाला कळवायचा, पथ्याबद्दल कोणी बोलायचे, आणि इतर नातेवाइकांनी या दानाचा उल्लेख कुठे करायचा नाही.

आठवी पायरी: पुढचे आयुष्य

सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी दात्याने रक्तदाब, क्रिएटिनिन व त्यावरून काढलेली गाळणक्षमता, लघवीतील प्रथिने, साखर आणि वजन तपासून घ्यावे. माझा क्रिएटिनिन दानापूर्वी ०.७ होता, नंतर तो १.१ वर स्थिरावला. पहिल्या वार्षिक रिपोर्टवर गाळणक्षमतेचा आकडा ठळक अक्षरांत आणि शेजारी खालच्या दिशेचा बाण छापून आला होता, आणि तो पाहिलेल्या एका नव्या डॉक्टरांनी मला मूत्रपिंडाचा आजार असल्याचे सांगितले. एक मूत्रपिंड दिलेल्या व्यक्तीचा आकडा दोन मूत्रपिंडांच्या मापाने मोजला की असे होते. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीचा आणि सहा महिन्यांनंतरचा क्रिएटिनिनचा आकडा ही आपली नवी मूळ पातळी समजून जपून ठेवावा. तो आकडा वर्षानुवर्षे स्थिर आहे का, हे पाहणे महत्त्वाचे. तो हळूहळू चढत असेल किंवा लघवीत प्रथिने दिसू लागली असतील, तर मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जावे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नयेत. डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात चालते. सीटी स्कॅनसाठी शिरेतून रंगद्रव्य देणार असतील, दाताचे काम असेल किंवा दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया असेल, तर आपल्याला एकच मूत्रपिंड आहे हे पहिल्या वाक्यात सांगावे. स्नायू वाढवण्यासाठीच्या प्रथिनांच्या भुकट्या आणि घटक न लिहिलेली औषधे टाळावीत. बाकी खाण्यावर विशेष बंधन नसते, आणि सकाळी उठून बळेच लोटाभर पाणी पिण्याचीही गरज नाही. तहान लागेल तसे प्यावे. पोटावर आघात होऊ शकणाऱ्या खेळांबद्दल डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

मूल हवे असलेल्या स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर निदान सहा महिने, शक्य तर वर्षभर थांबावे. बहुतेक दात्या स्त्रियांचे बाळंतपण सुखरूप होते. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनडियन अभ्यासात गर्भारपणातील उच्च रक्तदाब किंवा प्रीएक्लॅम्प्सिया (त्या रक्तदाबासोबत इतर अवयवांनाही इजा करणारा गर्भारपणातला आजार) हा त्रास दान केलेल्यांपैकी ११ टक्के आणि न केलेल्यांपैकी ५ टक्के स्त्रियांना झाल्याचे आढळले. मूल व्हायचे बाकी असेल तर हा मुद्दा दानाच्या आधीच्या चर्चेत यायला हवा, आणि नंतरच्या गर्भारपणात रक्तदाबाची तपासणी अधिक वेळा व्हायला हवी.

वार्षिक तपासणी दात्याकडून हमखास राहून जाते, कारण त्याला काहीच होत नसते आणि त्याला आठवण करून देणारेही कोणी नसते. मी आणि दादाने त्यासाठी शस्त्रक्रियेचीच तारीख ठरवून टाकली आहे. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघे एकाच प्रयोगशाळेत, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून रक्त देतो. रिपोर्ट आले की प्रत्येक जण आपापल्या फायलीत लावतो. माझ्या फायलीच्या पहिल्या पानावर शस्त्रक्रियेची तारीख, काढलेल्या मूत्रपिंडाची बाजू, रक्तगट, डिस्चार्जचा क्रिएटिनिन आणि न चालणाऱ्या औषधांची नावे लिहिलेली आहेत, आणि त्याच पानाचा फोटो माझ्या व नवऱ्याच्या फोनमध्ये आहे.